गव्हाणीतली केळीची पानं

डिसेंबर लागला की आमच्या जळगावच्या बाजारात कागदी चांदण्या टांगायला लागतात. आता आतून लुकलुकणाऱ्याही मिळतात. मागच्या वर्षी नातीनं हट्ट केला म्हणून सुनेनं एक आणली आणि गॅलरीत लावली. पण ती चांदणी खाली उतरेपर्यंत मी गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले नाही. सुनेला वाटलं, थंडीनं गुडघे धरले असतील. मी तेच म्हटलं. अशी चांदणी मी पहिल्यांदा बघितली ती भुसावळला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, तेरा-चौदा वर्षांची असताना. त्या घरातली चार वर्षांची पोर माझ्या एका खेळापायी जाता जाता राहिली. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला सांगू सांगू म्हणत राहिले, तोवर तो गेला.

आमचं गाव फैजपूरच्या पलीकडे, केळीच्या पट्ट्यातलं. मी चौथी पास झाले आणि शाळा सुटली, कारण पाचवीचा वर्ग दुसऱ्या गावाला होता आणि मुलीच्या जातीनं तेवढं चालत जाऊ नये असं घरात ठरलं. बाबा स्टेशनावर केळीचे डबे भरायच्या कामाला जायचे. मालगाडीच्या डब्यात खाली वाळलेल्या पानांचा थर अंथरायचा, त्यावर केळीचे घड रचायचे, मध्ये पुन्हा पानं कोंबायची, म्हणजे दिल्लीला पोचेपर्यंत फळाला डाग लागत नाही. त्याच कामात त्यांची डॅनियलभाऊंशी ओळख झाली. भाऊ भुसावळच्या यार्डात होते. डबे जोडायचे, सोडवायचे, शिट्टी आणि बावटा दाखवून इंजिनाला पुढं-मागं घ्यायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या घरी तीन लहान मुलं होती आणि बायकोला हाताखाली कोणीतरी हवं होतं. बाबांनी मला नेऊन सोडलं. निघताना आईनं माझ्या केसांना तेल लावता लावता एवढंच सांगितलं, "लोकाचं घर शे. तोंड मिटून राय. इचारलं तं सांग, नाई इचारलं तं गप बस." मला ते अवघड नव्हतं. मी तशीही न बोलणारीच होते.

भाऊंच्या बायकोचं नाव ग्रेस. सगळी कॉलनी त्यांना अक्का म्हणायची, मीही म्हणू लागले. अक्का धुळ्याच्या. घरात मुलांशी पुस्तकासारखं बोलायच्या, पण राग आला की अहिराणी सुटायची. ती सुटली की मुलं हसायची, मग अक्काही हसायच्या आणि राग निघून जायचा. थोरला रूबेन नऊ वर्षांचा, मधली लिली सात वर्षांची आणि धाकटी एस्तेर, तिला सगळे एस्तू म्हणायचे. एस्तू बोबडी नव्हती, पण हळू बोलायची. कानाशी येऊन सांगायची. मला वाटतं, मी हळू बोलायचे म्हणून ती माझ्यासारखं करायला लागली होती. माझ्या परकराचा काठ मुठीत धरून ती दिवसभर मागं फिरे.

क्वार्टरच्या मागं पेरूचं एक झाड, त्याच्या मागं रुळांखाली घालतात तसल्या जुन्या लाकडी स्लीपरांचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे रूळ. किती रूळ होते ते मी कधी मोजू शकले नाही, कारण मध्ये कुठले ना कुठले डबे उभेच असत. तिथला आवाज मला पहिल्या महिन्यात जेवू देत नव्हता. दूर कुठंतरी इंजिन डब्यांना येऊन टेकायचं, आणि ती धडक एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी पळत यायची. एखाद्यानं भांड्यांची लांबच लांब रांग एका टोकाला ढकलावी तसा आवाज आमच्या मागच्या भिंतीपर्यंत यायचा आणि पुढं निघून जायचा. ताटातल्या वाटीतलं वरण थरथरायचं. पुढं सवय झाली. अक्का तर म्हणायच्या, आवाज थांबला की मला जाग येते.

भाऊ मात्र जेवताना मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. "इंजिनाला भिऊ नका. इंजिन ऐकू येतं. सुटा डबा ऐकू येत नाही. आम्ही ढकलून सोडला की तो आपला आपण येतो, चालत्या माणसाच्या गतीनं. पाठीशी आला तरी कळत नाही." मग ते भाकरीचा तुकडा मोडायचे. "आमचा एक माणूस दोन रुळांच्या मध्ये उभा राहून विडी पेटवत होता. विडी पेटली." पुढं ते काही सांगत नसत. रूबेन विचारायचा, मग काय झालं. भाऊ म्हणायचे, जेव.

नोव्हेंबर संपता संपता घराला नाताळ लागला. मला हे सगळं नवं होतं, पण बरंचसं दिवाळीसारखंच वाटलं. भिंतींना चुना दिला. अक्कांनी खोबरं किसलं, रवा भाजला, मनुका निवडून काचेच्या बरणीत भिजत घातल्या. त्या बरणीजवळ कोणी जायचं नाही, कारण त्यात भाऊंची बाटली ओतलेली असे. कणकेच्या छोट्या गोळ्या नव्या फणीच्या पाठीवर दाबून गुंडाळायच्या, त्यावर रेघा उठतात, मग तळून साखरेच्या पाकात टाकायच्या, त्याला ती मुलं कुलकुल म्हणायची. फण्या तीन आणि मुलं तीन, तरी रोज एका फणीवरून भांडण व्हायचंच. कणीक जमिनीवर, केसांत, एकदा तर अक्कांच्या चपलेत. अक्का डोक्याला हात लावून म्हणायच्या, "इंदू, यांना कुठं तरी घेऊन जा. दोन तास मला दिसू देऊ नकोस." हे वाक्य त्या महिन्यात मी रोज ऐकलं.

मागच्या ओसरीत कागदी चांदणी टांगून तिच्याखाली भाऊंनी गोठा केला होता. खोक्याच्या फळ्यांचा, वर तुरीच्या काड्यांचं छप्पर, समोर ताटलीत पेरलेले गहू. मातीची एक गाय होती, तिचा एक कान गेलेला. मरिया, योसेफ, मेंढपाळ, सगळे आपापल्या जागी, आणि मध्ये बोटभर लांबीची लाकडी गव्हाण, रिकामी. बाळ अजून आलेलं नसतं. ते अक्कांच्या ट्रंकेत कापसात गुंडाळून ठेवलेलं होतं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी ते गव्हाणीत ठेवायचं. तोवर मुलांनी रोज काही चांगलं काम करायचं, भांडण सोडायचं, पाणी भरायचं, आणि प्रत्येक कामाची एक काडी गव्हाणीत टाकायची. काड्या जितक्या जास्त, तितकं बाळाला मऊ. "नाहीतर नुसत्या लाकडावर झोपेल बिचारं," लिली मला समजावून सांगत होती. मला ते फार आवडलं. मी हिंदूच्या घरची, मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण थंडीच्या दिवसांत लाकडावर झोपणारं बाळ कळत होतं.

गवताच्या काड्या संपल्या तेव्हा केळीच्या पानांचं मीच सुचवलं. कुंपणाच्या पलीकडे पहिल्याच रुळावर केळीचे रिकामे डबे येऊन थांबायचे. तीन-चार दिवस तिथंच उभे राहायचे आणि मग भरायला आमच्या गावांकडे जायचे. दारं उघडीच असत. आत कोपऱ्यांत गुडघाभर वाळलेली पानं साचलेली असत. वारा आला की तो वास थेट चुलीपर्यंत यायचा. तो माझ्या घराचा वास होता, बाबांच्या सदऱ्याचा. यातली काही पानं बाबांनीच अंथरली असतील असं मनात यायचं. एका दुपारी अक्कांनी मुलांना न्यायला सांगितलं, आणि मी कुंपणातला एक सैल स्लीपर सरकवून त्यांना पलीकडे नेलं. भाऊंचं सांगणं मी विसरले नव्हते. मी स्वतःला म्हटलं, पहिलाच तर रूळ आहे, आणि हे डबे उभे आहेत.

डब्यात चढलो की बाहेरचं जग बंद व्हायचं. लोखंड उन्हानं कोमट, पायाखाली पानांची कुरकुर. पानाचे दोऱ्यासारखे तुकडे फाडून मुठी भरायच्या. पण मुठी भरायला किती वेळ लागतो? मग खेळ काढला. रूबेननं त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, ऐकलेली गोष्ट सांगितली होती, की बाळ जन्मलं तेव्हा दुष्ट राजाचे शिपाई घराघरांतून बाळं शोधत फिरले. त्यावरून खेळ झाला. एकानं बाळ व्हायचं आणि पानांखाली लपायचं. बाकीचे शिपाई. "बाळ निजलं" म्हटलं की लपलेल्यानं हालायचं नाही. शिपाई हाका मारतील, गोड बोलतील, तरी ओ द्यायची नाही. एस्तू पहिल्या दिवशी दोनदा फसली. लिलीनं अक्कांच्या आवाजात "एस्तू बेटा, खोबरं खायला ये" म्हटलं की ती लगेच बाहेर. मग रडू. तेव्हा मी तिला जवळ घेऊन सांगितलं, "शिपायांना सगळ्यांचे आवाज काढता येतात. मम्मीचा येतो, पप्पांचा येतो. आपण कोणालाच ओ द्यायची नाही. मी 'बाळ जागं झालं' म्हटलं, की तेव्हाच यायचं." तिनं मान हलवली. त्यानंतर ती कधीच फसली नाही. रूबेन तिच्या अंगावरून पाय टाकून गेला तरी तिचा श्वास ऐकू यायचा नाही. मला तिचं कौतुक वाटायचं. घरी कोणाला सांगायचं नाही, अशी शपथ मी तिघांनाही घातली होती.

आता माझी नात पडद्यामागं लपते आणि मी शोधायच्या आधीच खिदळते. मी तिला कधी गप बस म्हणत नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी अक्का केकचे डबे घेऊन बेकरीत निघाल्या. घरी भट्टी नव्हती. कॉलनीतल्या सगळ्या बायका आपापलं कालवलेलं पीठ डब्यांत भरून बाजारातल्या चाचांच्या बेकरीत न्यायच्या आणि आपला नंबर लागेपर्यंत तिथंच बसायच्या, नाहीतर डबे बदलतात. रूबेन आणि लिली एकेक डबा धरून सोबत गेले. एस्तूला नेलं असतं तर तिला उचलून घ्यावं लागलं असतं, म्हणून ती माझ्याजवळ राहिली. अक्का दारातून म्हणाल्या, "करंज्या तेवढ्या तळून ठेव. आणि हिला स्टोपाशी येऊ देऊ नको, तेल उडेल." भाऊ सकाळपासून ड्युटीवर होते.

मी स्टो पेटवला. एस्तू माझ्या परकराला धरून उभी. तिला अजून एक काडी हवी होती. गव्हाण तर भरली होती, पण लिलीच्या काड्या तिच्यापेक्षा जास्त झाल्या होत्या, आणि जिच्या जास्त तिनं बाळ ठेवायचं असं ठरलेलं. "इंदूताई, मी काय काम करू?" "काही नको करू, गप बैस." "गप बसलं की काडी मिळते?" "मिळते." थोडा वेळ ती बसली. पुन्हा आली. "आता?" कढईत करंजी सोडली की एक क्षणही नजर हलवता येत नाही, कड सुटली तर सारण तेलात पसरतं आणि सगळं तेल काळं होतं. एक सुटलीच. मी चिडले नाही. चिडले असते तर बरं झालं असतं. मी हसून म्हटलं, "जा, लप. बाळ निजलं. मी येते शोधायला."

ती पळत गेली. मागचं दार वाजलं. मला वाटलं, पेरूमागं असेल.

मग घर शांत झालं. ती शांतता मला आजही आठवते, कारण मला ती फार आवडली. महिनाभरात पहिल्यांदा कोणी काठ ओढत नव्हतं. तेलाचा बारीक आवाज, करंजी फुगून वर यायची, झाऱ्यानं तेल उडवलं की तिच्या पाठीवर बारीक फोड उठायचे. फुटलेली एक मी फुंकून फुंकून खाल्ली. शोधायला जायचं लक्षात होतं. हा घाणा झाला की जाऊ, असं म्हणत मी पुढचा घाणा सोडत होते. परात भरली. दुसऱ्या परातीवर कागद घातला.

अक्का परतल्या तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. हातातल्या डब्यांवर फडकं, घरभर केकचा वास. त्यांनी करंज्या बघितल्या आणि खूश झाल्या. "एकीलाही लावलं नाहीस ना तोंड? एस्तू कुठंय?"

"खेळतेय," मी म्हटलं.

त्यांनी हाक मारली. मागच्या दारातून, पुढच्या दारातून. मग पदर खोचून पेरूपर्यंत गेल्या. शेजारची बाई बाहेर आली, तिची सासू आली. पाण्याच्या टाकीचं झाकण उचललं, पुन्हा ठेवलं. गटारीच्या कडेनं दोघी चालत गेल्या. "एस्तू, ए एस्तू, केक आणलाय बघ." कोणीतरी कुंपणाकडे बोट केलं. अक्का म्हणाल्या, "नाही, तिकडं ती मरणाची भिते. हिच्या बापानं भीती घालून ठेवलीय." मग माझ्याकडे वळल्या. "शेवटची कुठं बघितलीस?" मी म्हटलं, "स्वयंपाकघरात." ते खरंच होतं. आणखी कोणी काही विचारलं नाही. आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही असं माझ्या अंगात इतकं मुरलेलं होतं, की ओठ उघडत होते आणि आवाज येत नव्हता. हे मी आता लिहिते तेव्हा बहाण्यासारखं वाटतं. खरं तर मी घाबरले होते. घरी पाठवतील, बाबांची मान खाली जाईल, एवढंच डोक्यात होतं. रूबेन ओसरीच्या खांबाला धरून माझ्याकडे बघत होता. त्याला माहीत होतं. लिली खालच्या आवाजात रडत म्हणाली, "शिपाई आले का?" अक्कांचा आवाज आता बदलला होता. "कोठे शे मन्ही पोर?" या वेळी ती अहिराणी ऐकून कोणी हसलं नाही.

तेवढ्यात यार्डाच्या दूरच्या टोकाला इंजिन येऊन टेकलं. धडक एका डब्यातून दुसऱ्यात अशी पळत आली, आमच्या भिंतीमागून गेली आणि पुढं थांबली. आमच्या मागच्या रुळावरचे डबे होते ते. केळी भरायला निघाले होते.

मी धावले. एस्तूला पुरेल एवढ्या फटीत मी मावत नव्हते; स्लीपर सरकवला, परकर खिळ्याला फाटला. समोर बघते तर सगळ्या डब्यांची दारं बंद, कड्या अडकवलेल्या. पन्नास-साठ पावलांवर भाऊ उभे होते, काखेत दोन बावटे, तोंडात शिट्टी. मला बघून ते ओरडले, "मरायचंय का, इंदू? मागं हो."

"एस्तू," मी म्हटलं. "डब्यात लपलीय."

ते म्हणाले, "डब्यात कोणी नाही. दारं मी स्वतः लावलीत. आत बघून." एवढं बोलता बोलताच त्यांचा आवाज बारीक झाला. ते वाकले. मग गुडघ्यांवर बसून डब्यांच्या खालून बघू लागले. मीही वाकले. दारं बंद दिसली म्हणून ती खाली गेली होती. चौथ्या डब्याखाली, दोन रुळांच्या मध्ये, दारातून गळून पडलेल्या पानांचा ढीग होता आणि त्यातून तिच्या लाल स्वेटरची बाही दिसत होती. डोळे उघडे होते. ती आमच्याकडे बघत होती आणि हालत नव्हती. शिकवलं होतं तसं.

भाऊंनी लाल बावटा काढला, उंच धरला, शिट्टी वाजवली. पण इंजिन वळणापलीकडे होतं, आणि मध्ये उभ्या असलेल्या माणसाचा हिरवा बावटा दाखवून झाला होता. दुसरी धडक निघाली, तशी ती येताना ऐकू आली. ही सुटण्याची होती. भाऊंना ते कळलं. ते जमिनीवर आडवे झाले आणि म्हणाले, "एस्तू बेटा, हलू नको. पप्पा आहे."

तिनं डोकं उचललं. बापाच्या आवाजात शिपाई बोलत होता. ती मागं सरकू लागली, कोपरांवर, पलीकडच्या रुळाकडे. तिचा हात रुळावर पडला.

माझ्या तोंडातून शब्द कसा आला ते मला सांगता येणार नाही. मी खडीवर पोटावर पडले होते, माझं तोंड तिच्या तोंडाच्या उंचीला. मी ओरडले नाही. रोज सांगायचे तसंच, हळू सांगितलं. "एस्तू, बाळ निजलंय अजून. हात आत घे. डोकं खाली. शिपाई आता वरून जाणारेत."

तिनं हात आत घेतला. गाल पानांवर टेकवला.

डबे हलले. चाकं आमच्या नाकासमोरून गेली. डबा तिच्यावर असला की अंधार, दोन डब्यांच्या मधली फट आली की तिच्या पाठीवर उन्हाची पट्टी, पुन्हा अंधार. खाली लोंबणाऱ्या साखळ्या पानांना लागून जात होत्या. प्रत्येक वेळी मी तेच म्हणत होते, "निजलंय, निजलंय." भाऊंचा हात माझ्या दंडावर होता. तो इतका घट्ट होता, की त्याचे वळ नाताळ उलटून गेल्यावरही होते. सात डबे गेले. आठव्याला कोणीतरी भाऊंचा बावटा बघितला असेल. करकरत सगळं थांबलं. भाऊंनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

"बाळ जागं झालं," मी म्हटलं.

ती रांगत बाहेर आली. केसांत पानांचा चुरा, मुठीत एक काडी. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "शिपायांना दिसलेच नाही मी."

भाऊंनी तिला उचललं आणि विचारलं, "हा खेळ हिला कोणी शिकवला?" मी म्हटलं, "मी." "किती दिवस येताय इथं?" "रोज." त्यांनी मला मारलं नाही. तिला माझ्याकडे दिलं, दोन पावलं बाजूला जाऊन ओकले, तोंड पुसलं आणि पुन्हा बावटे उचलले, कारण गाडी जायची होती.

त्या संध्याकाळी एस्तूनंच बाळ गव्हाणीत ठेवलं. लिलीनं आपणहून तिला ठेवू दिलं. गव्हाणीत केळीची पानं भरगच्च होती. अक्का ती पानं बघत बसल्या होत्या. त्यांना रूबेननं सगळं सांगितलं होतं. गाणी म्हणणारी मंडळी दारात आली, ढोलकी वाजली, अक्कांनी सगळ्यांना करंज्या दिल्या. त्या करंज्यांची सगळ्यांनी तारीफ केली. लोक गेल्यावर अक्का मला म्हणाल्या, "ते निजलं नि जागं झालं, ते शब्द या घरात पुन्हा निघायला नकोत. दोन्ही." मी मान हलवली. "तुझ्या बापाला निरोप पाठवलाय." त्यांचा आवाज चढला नव्हता. मग त्यांनी मला केकचा एक तुकडा दिला, आणि तो मी खाईपर्यंत समोर उभ्या राहिल्या.

नाताळ झाल्यावर दुसऱ्या दिवशी बाबा आले. त्यांना फक्त एवढंच कळलं होतं, की मुलीचं कामात लक्ष नाही. अक्कांनी माझ्या पिशवीत करंज्यांचा डबा घातला. रूबेन-लिली शेजारी गेले होते. मी निघताना एस्तू कुठं दिसेना. अक्कांनी हाक मारली नाही, मीही मारली नाही. पायात चप्पल घालायला वाकले तेव्हा मला खाटेखाली तिचे दोन पाय दिसले. भिंतीकडे तोंड करून ती पालथी पडली होती. अजिबात हालत नव्हती. मी शोधून काढीन आणि ते वाक्य म्हणेन, म्हणून वाट बघत होती. अक्का दारात उभ्या होत्या, माझ्याकडे बघत. त्यांनाही ते पाय दिसत होते का, मला माहीत नाही. मी पिशवी उचलली आणि बाबांच्या मागं चालू लागले.

गाडी सुटल्यावर ती त्याच कुंपणामागून जाते. पेरूचं झाड दिसलं, मागचं दार दिसलं. ओसरीतली चांदणी दिवसाउजेडी नुसती कागदाची दिसत होती. मी खिडकीच्या गजाला तोंड लावून म्हटलं, "बाळ जागं झालं." गाडीच्या आवाजात मलाच ते नीट ऐकू आलं नाही.

बाबांनी विचारलं, "काय म्हंते वं?"

मी म्हटलं, काही नाही.